डीलरचा हात

1965ची शेल्बी जीटी350 म्हटलं की डोळ्यांसमोर एकच चित्र येतं: पांढरीशुभ्र मस्टँग आणि तिच्या नाकापासून शेपटीपर्यंत गेलेले दोन रुंद निळे पट्टे. मुलांच्या खेळण्यांपासून भिंतीवरच्या पोस्टरपर्यंत सगळीकडे हीच गाडी. गंमत अशी की हे पट्टे ऐच्छिक होते. फोर्डच्या मस्टँगला शर्यतीसाठी घडवणाऱ्या कॅरोल शेल्बीच्या लॉस एंजेलिसमधल्या कार्यशाळेतून कितीतरी गाड्या कोऱ्या पांढऱ्या बाहेर पडल्या आणि फोर्डच्या डीलरांकडे गेल्या. तिथे गिऱ्हाइकाच्या हट्टापायी म्हणा किंवा काचेमागे गाडी उठून दिसावी म्हणून म्हणा, कुणीतरी त्यांच्यावर पट्टे मारून घेतले. ज्या खुणेवरून गाडी ओळखायची ती खूणच बऱ्याच गाड्यांवर डीलरच्या रंगाऱ्याची आहे.

आज अशी एखादी गाडी रिस्टोरेशनला, म्हणजे पुन्हा मूळ रूपात आणायला, घेतली तर पट्टे ठेवायचे की घासून काढायचे? कारखान्यातून निघाली तशी हवी असेल तर काढायला हवेत. पहिल्या मालकानं घरी नेली तशी हवी असेल तर ठेवायला हवेत. आणि तेव्हा त्या रंगाऱ्याचा हात थोडा हलला असेल, एक पट्टा दुसऱ्यापेक्षा अंमळ रुंद झाला असेल, तर तोही तसाच रुंद ठेवायचा का? मी ठेवीन. पण माझं मत विचारतो कोण!

मला जुन्या स्पोर्ट्स गाड्यांच्या लिलावाचे कॅटलॉग वाचायचा नाद आहे. विकत घ्यायची ऐपत नसलेल्या माणसाला परवडणारा हा नाद. खर्च फक्त डोळ्यांचा. बरेच कॅटलॉग वाचून झाल्यावर एक गोष्ट लक्षात येते. कारखान्यानं बसवलेला प्रत्येक नटबोल्ट तिथे छाती काढून मिरवत असतो. डीलरनं केलेलं काम मात्र दोन तऱ्हांनी येतं. डीलर नामांकित असेल तर त्याचं नाव मथळ्यात, गाडीच्या नावाच्याही आधी. डीलर कुणी साधासुधा असेल तर त्याची करामत एका ओळीत उरकतात, आणि ती ओळ बहुतेकदा 'हे आता काढून टाकलं आहे' अशी असते. हा दुजाभाव कुठून आला, याचं मला फार दिवसांचं कुतूहल आहे.

नामांकितांपासूनच सुरुवात करू, कारण किस्से त्यांच्याकडे जास्त आहेत.

पेनसिल्व्हेनियातल्या कॅनन्सबर्गमध्ये डॉन येंको शेव्हरोलेच्या गाड्या विकायचा. एजन्सी घरचीच होती, पण पोराचा जीव शर्यतीत. 'स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका' या संस्थेच्या शर्यतींत त्याला कॉर्व्हेअर उतरवायची होती. कॉर्व्हेअर म्हणजे मागे इंजिन असलेली, हवेनं थंड होणारी, सहा सिलिंडरची गाडी. चालवायला मजेदार, पण कागदोपत्री घरगुती, चारचौघांना घेऊन जाणारी. संस्थेच्या नियमानं स्पोर्ट्स कारला दोनच आसनं हवीत आणि तशा निदान शंभर गाड्या तयार झालेल्या हव्यात. येंकोनं शंभर कॉर्व्हेअर मागवल्या, मागचं आसन काढून टाकलं, इंजिनात फेरफार केले, पांढऱ्या रंगावर निळे पट्टे मारले आणि नाव ठेवलं स्टिंगर. 1966 साली त्या शर्यतीला पात्र ठरल्या. शेल्बीनं मस्टँगच्या बाबतीत हेच केलं होतं. मागच्या आसनाच्या जागी फायबरग्लासचा कप्पा बसवला, त्यावर स्टेपनी ठेवली, आणि मस्टँग झाली स्पोर्ट्स कार! एक सीट काढली की गाडीची जातच बदलते, हे त्या काळच्या नियमांनी मान्य केलं होतं. अशा गाडीतून 'मूळची' सीट गेली म्हणून आज कुणी हळहळत नाही. उलट एखाद्या 1965च्या जीटी350मध्ये मागची सीट दिसली तर लोकांच्या भुवया वर जातात.

पुढची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे आणि मला ती जास्त आवडते. साठच्या दशकात शेव्हरोलेची मालक कंपनी जनरल मोटर्स हिचा अंतर्गत नियम होता की मोठ्या सेडान आणि कॉर्व्हेट सोडली तर बाकी गाड्यांना 400 क्युबिक इंचांपेक्षा, म्हणजे साधारण साडेसहा लिटरपेक्षा, मोठं इंजिन बसवायचं नाही. 1967च्या नव्या शेव्हरोले कॅमॅरोला म्हणून 396वरच थांबावं लागलं. 427 क्युबिक इंचांचं, सात लिटरचं इंजिन त्याच कंपनीच्या कॉर्व्हेटमध्ये सुखानं बसत होतं आणि कॅमॅरोच्या बोनेटखालीही बसण्यासारखं होतं. नियम कारखान्याला होता, डीलरला नव्हता. येंकोनं कॅमॅरो आणल्या, इंजिनं उतरवली, 427 चढवली आणि कोऱ्या गाड्या म्हणून विकल्या. शिकागोत निकी शेव्हरोले, कॅलिफोर्नियात डाना, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर बाल्डविन शेव्हरोले आणि तिच्या जोडीला जोएल रोझेनचं मोशन परफॉर्मन्स, सगळ्यांनी हाच उद्योग आरंभला. निकीच्या बोधचिन्हात के हे अक्षर मुद्दाम उलटं काढलेलं असायचं. आज त्या उलट्या अक्षराचं मूळ स्टिकर शाबूत असलेली गाडी दिसली की शौकिनांचे डोळे चमकतात.

या गाड्या जुन्या गाड्यांच्या जगातल्या सगळ्यात मोठ्या कसोटीवर घासून पाहा. कसोटी म्हणजे 'मॅचिंग नंबर्स'. इंजिनाच्या ब्लॉकवर, म्हणजे त्याच्या मुख्य ओतीव सांगाड्यावर, ठोकलेला आकडा आणि गाडीचा चासी नंबर यांचं नातं जुळलं पाहिजे, म्हणजे हे इंजिन जन्मापासून याच गाडीत आहे असं मानायचं. 1967ची अस्सल येंको कॅमॅरो या परीक्षेत नापास होते. होणारच. तिचं जन्माचं इंजिन कॅनन्सबर्गच्या गॅरेजात उतरवलं, तेच तर तिचं वैशिष्ट्य! उद्या कुणी अशा गाडीत 396 बसवून, त्यावर बरोब्बर आकडा ठोकून, सगळे नंबर जुळवून दाखवले तर ती गाडी कागदावर शुद्ध होईल आणि येंको म्हणून संपेल.

1969 साली याच्या उलट झालं. शेव्हरोलेत 'सेंट्रल ऑफिस प्रॉडक्शन ऑर्डर' नावाची एक वाट होती. सगळे तिला कोपो म्हणतात. टॅक्सी, पोलिसांच्या गाड्या, एखाद्या कंपनीला हव्या असलेल्या खास रंगाच्या गाड्या, अशा घाऊक मागण्यांसाठी ती काढलेली. त्या वाटेनं इंजिनाच्या नियमाला बगल देता येत होती. येंकोनं तिथून मागणी नोंदवली आणि कोपो 9561 या क्रमांकाखाली 427 इंजिन कारखान्यातच बसून यायला लागलं. म्हणजे इंजिन उतरवण्या-चढवण्याचा खटाटोप संपला. येंकोच्या गॅरेजात उरले ते पट्टे, चिन्हं आणि असंच किरकोळ काम. तशा सुमारे 200 कॅमॅरो त्यानं विकल्या. कोपो 9561च्या गाड्या इतर डीलरांनीही घेतल्या, त्यांच्यावर पट्टेबिट्टे काही नव्हते. एकाच इंजिनाच्या, एकाच कारखान्याच्या दोन गाड्या. एकीवर येंकोचे स्टिकर, दुसरी साधी. बाजारात भाव खाते ती स्टिकरवाली.

म्हणजे बघा, ज्या गाड्यांना येंकोच्या माणसांनी खांद्यापर्यंत हात काळे करून घडवलं त्यांच्या इंजिनाचे नंबर जुळत नाहीत, आणि ज्यांना त्यांनी जेमतेम सजवलं त्यांचे जुळतात. दोन्हींना सोन्याचा भाव आहे, हे खरं. पण 'कारखान्यातून आली तशी' हे ज्यांचं ब्रह्मवाक्य आहे ते 1967च्या गाडीपाशी आले की घसा खाकरतात.

याच वाटेनं एक फजितीही झाली. इलिनॉयमधल्या ला हार्पचा डीलर फ्रेड गिब यानं कोपो 9560 खाली झेडएल1 हे ॲल्युमिनियमचं 427 इंजिन असलेल्या 50 कॅमॅरो मागवल्या. एकूण बनल्या 69. नुसत्या इंजिनाचे 4,000 डॉलरहून जास्त पडले आणि गाडी 7,000 डॉलरच्या वर गेली. तेव्हा एवढ्या पैशांत दोन साध्या कॅमॅरो दारात उभ्या राहिल्या असत्या. गाड्या खपेनात. बऱ्याच परत घेऊन इतर डीलरांच्या गळ्यात मारल्या. आज त्यांच्याकडे बघताना हे आठवलं की बरं वाटतं: जिला आता काचेच्या पेटीत ठेवतात ती एके काळी डीलरच्या मागच्या अंगणात धूळ खात उभी होती.

इंजिन बदललेलं निदान दिसतं तरी. मिशिगनमधल्या रॉयल ओकच्या रॉयल पॉन्टिॲक या डीलरनं जे केलं ते दिसतच नाही. त्यांचा 'बॉबकॅट' नावाचा संच होता. हे नाव बॉनव्हिल आणि कॅटालिना या दोन गाड्यांच्या चिन्हांतली अक्षरं उचलून जुळवलेलं. संचात काय? इंजिनाच्या हेडखालचं, सांधा बंद करणारं गास्केट नेहमीपेक्षा पातळ, म्हणजे दाब वाढतो. कार्ब्युरेटरचे मोठे जेट. डिस्ट्रिब्युटरची बदललेली चाल. कार्ब्युरेटरखालची गरम हवेची वाट बंद करणारं आणखी एक गास्केट. सगळं मिळून मूठभर सामान, पण गाडी सुसाट सुटायची. 1964 साली 'कार अँड ड्रायव्हर' मासिकाला चाचणीसाठी दिलेली पॉन्टिॲक जीटीओ ही रॉयलच्याच हातची. तिनं असे आकडे दिले की वाचणारे चक्रावले. तिच्या बोनेटखाली नेहमीचं 389 नव्हे, मोठं 421 इंजिन होतं, हे पॉन्टिॲकच्या जाहिरातीचे सूत्रधार जिम वँगर्स यांनी पुढे स्वतःच सांगून टाकलं. बाहेरून दोन्ही इंजिनं सारखीच दिसतात.

त्या पातळ गास्केटचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. बॉबकॅट केलेल्या गाडीचं इंजिन पुढच्या पन्नास वर्षांत केव्हातरी उघडलं गेलंच असणार. मेकॅनिकनं जुनं गास्केट खरवडून कचऱ्यात टाकलं असणार आणि दुकानात मिळालं ते बसवलं असणार. त्या क्षणी ती गाडी बॉबकॅट राहिली की नाही? आज पुन्हा पातळ गास्केट घातलं तर ती परत झाली का? मग तसंच गास्केट शेजारच्या साध्या जीटीओला घातलं तर ती का नाही? यांत्रिकपणे दोन्हींत कणाचाही फरक नाही. उरतं ते रॉयलचं एक जुनं बिल, असलंच तर.

ऱ्होड आयलंडच्या बॉब टास्काचं तर कारखान्यानंच ऐकलं. त्यानं मस्टँगला पोलिसांच्या गाडीचं 428 इंजिन चढवून तिला केआर-8 म्हटलं आणि फोर्डच्या वरिष्ठांपुढे आणून उभी केली. 1968च्या वसंतात फोर्डनं 428 कोब्रा जेट मस्टँग बाजारात आणली. डीलरच्या गॅरेजात केली तेव्हा मोडतोड, कारखान्यात केली तेव्हा मॉडेल!

आता साध्यासुध्या डीलरकडे वळू, कारण खरा प्रश्न तिथे आहे. हे लोक इंजिन बदलत नव्हते. ते रेडिओ बसवत होते.

ब्रिटनमधून अमेरिकेत जाणाऱ्या एमजी आणि ट्रायम्फ कितीतरी वेळा रेडिओविना जात. डॅशबोर्डवर रेडिओच्या जागी एक झाकणपट्टी असे. गिऱ्हाइकाला गाणी हवी असली की डीलरचा माणूस पट्टी काढी, रेडिओ ठोकी आणि ड्रिल घेऊन पुढच्या चाकावरच्या पत्र्यात एरियलसाठी भोक पाडी. कुठे? त्याला वाटेल तिथे. कुणी डाव्या बाजूला, कुणी उजव्या, कुणी बोनेटच्या कडेला चिकटून. त्या भोकाची 'बरोबर' जागा कुठल्याच पुस्तकात सापडणार नाही. उकाड्याच्या राज्यांत डॅशखाली एसीची पेटी टांगली जायची. डिकीवर सामान ठेवायची जाळी यायची. बर्फात मीठ टाकणाऱ्या राज्यांत दारांच्या कडांना भोकं पाडून आत गंजरोधक डांबरासारखा लेप मारायचे आणि भोकांना प्लॅस्टिकची बुचं लावायचे. शिवाय डीलरचं स्वतःचं नाव. धातूचं छोटं चिन्ह, मागे दोन खुंट्या, त्यासाठी कोऱ्या गाडीच्या डिकीवर दोन भोकं. विचार करा, गाडी कारखान्यातून येऊन आठवडा झालेला नाही, रंग अजून चकाकतोय, आणि एक माणूस तिच्या पाठीवर ड्रिल टेकवतोय, आपल्या दुकानाचं नाव लावायला!

रिस्टोरेशनवाले हे सगळं हात धुवून काढतात. भोकं वेल्डनं बुजवतात, एसी उतरवतात. तो काळा लेप काढायला तर आता कोरड्या बर्फाचा मारा करतात, आणि खाली कारखान्यातल्या फवाऱ्याचे रंगाचे शिंतोडे सापडले की आनंदानं फोटो काढतात. लेपाबद्दल मला ममत्व नाही. तो कधी गाडी वाचवी, तर कधी पाणी निथळायची भोकं बुजवून तिला आतून सडवी. पण गंमत पाहा: ज्या लेपामुळे ते मूळ शिंतोडे पन्नास वर्षं टिकले, तोच 'मूळचा नाही' म्हणून जातो.

कॉर्व्हेटच्या बाबतीत ही सीमा कागदावर आखलेली आहे. 'नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटी' 1974 पासून आहे आणि तिच्या परीक्षकांचा काटेकोरपणा प्रसिद्ध आहे. त्यांच्या हिशेबानं गाडी तयार होते ती डीलरच्या नेहमीच्या तयारीसकट. म्हणजे गाडी धुणं, आवरणं काढणं, सुटे आलेले भाग जागेवर लावणं हे डीलरनं केलं तरी ते कारखान्याचंच काम धरायचं. त्यापलीकडे डीलरनं काही वाढवलं, काढलं, बदललं तर ते बाहेर. शहाणपणाची व्यवस्था आहे, कुठेतरी रेघ ओढायलाच हवी. तरी मला मौज वाटते. त्याच गॅरेजात, त्याच सकाळी, त्याच माणसानं चाकाची टोपी बसवली तर ती मूळची. दहा मिनिटांनी त्यानंच बाहेरचा आरसा लावला तर गुण कापले.

माझं म्हणणं साधं आहे. गाडी कारखान्याच्या फाटकाशी पूर्ण होत नाही, पहिल्या मालकाच्या हाती किल्ली पडते तेव्हा होते. तोवर तिला ज्यांचे ज्यांचे हात लागले ते सगळे तिच्या घडणीचे हात. येंकोचा हात मानायचा असेल तर त्या एरियलवाल्याचाही मानला पाहिजे. दुर्मीळ जुन्या पुस्तकाच्या आतल्या पानावर त्या काळच्या ग्रंथविक्रेत्याचा शिक्का असला तर आपण तो खोडून काढत नाही. डिकीवरच्या त्या दोन भोकांनाही तेवढी माया मिळायला हरकत नसावी.

यावर नेहमी येणारा आक्षेप असा, की कारखान्याचं काम सिद्ध करता येतं, डीलरचं करता येत नाही. आक्षेपात तथ्य आहे. अमेरिकेत 1958च्या कायद्यानं कोऱ्या गाडीच्या काचेवर किमतीचा कागद लावणं बंधनकारक झालं. तो कायदा आणणाऱ्या सिनेटरच्या नावानं लोक त्याला मनरोनी स्टिकर म्हणतात. त्यावर कारखान्यानं बसवलेल्या गोष्टी आणि त्यांच्या किमती. डीलरच्या करामती त्यात नसतात. त्या त्याच्या स्वतःच्या पुरवणीत किंवा बिलात. मनरोनी जपून ठेवणारेच थोडे, तिथे डीलरचं कार्बनकॉपीचं बिल कोण जपणार? शिवाय त्या काळच्या अमेरिकी शेव्हरोलेंच्या बाबतीत एकेका गाडीची नोंद कारखान्याकडे मागायची सोय नाही. फोर्डवाल्यांना मार्टी रिपोर्ट नावाचा नोंदींचा उतारा मिळतो, पॉन्टिॲकवाल्यांना त्यांच्या नोंदी मिळतात, शेव्हरोलेवाले कागद शोधत फिरतात. वॉरंटीच्या पुस्तकातली ती छोटी धातूची पट्टी, प्रोटेक्ट-ओ-प्लेट, कुणाच्या ड्रॉवरमध्ये सापडते. कॉर्व्हेटची पेट्रोलची टाकी उतरवली की तिच्या माथ्यावर चिकटवलेला, तेलानं पिवळा पडलेला जोडणीचा कागद कधी निघतो, कधी उंदरांनी खाल्लेला असतो.

आणि जिथे कागदावर एवढा पैसा अवलंबून, तिथे कागद बनवणारेही आलेच. आकडे ठोकणारेही. शेव्हरोलेच्या व्ही8 ब्लॉकवर पुढच्या बाजूला, हेडच्या पुढे, बोटभर रुंदीची एक सपाट जागा असते; नंबर तिथे. ती जागा कारखान्यात यंत्रानं कापली तेव्हा तिच्यावर बारीक समांतर रेघा उमटल्या. कॅटलॉगातला हा फोटो मी नेहमी मोठा करून बघतो. रेघा आकड्यांच्या खालून सलग गेलेल्या दिसल्या तर ठीक. जागा आरशासारखी गुळगुळीत असेल, तर इंजिन दुरुस्तीत ती घासली गेली असेल किंवा जुना नंबर मुद्दाम पुसला असेल. आणि रेघा आहेत, पण आकड्यांच्या खोल कडांशी विसंगत, जरा जास्तच नीटनेटक्या, तर कुणीतरी रेघाही हातानं काढल्यात! खोटेपणाला एवढी मेहनत लागते हे पाहून कधी कधी त्या कारागिराचं कौतुक करावंसं वाटतं. मग किंमत दिसते आणि कौतुक विरतं.

ब्रिटिश सनबीम टायगरवाल्यांनी यावर स्वतःचा उपाय काढला. टायगर म्हणजे सनबीम अल्पाइनच्या अंगात फोर्डचं व्ही8 इंजिन. साध्या अल्पाइनला टायगर करणं अवघड नाही, म्हणून तशा बऱ्याच झाल्या आणि शौकिनांनी त्यांना 'अल्गर' असं खवचट नाव दिलं. मालकसंघटनेनं तपासणी सुरू केली. जाणकार लोक गाडीखाली शिरून कारखान्यातले खास जोड आणि बारकावे पाहतात आणि पटलं तर प्रमाणित करतात. ते सांगाडा तपासतात, कागदाच्या भरवशावर राहत नाहीत, ही गोष्ट मला भावते.

फेरारीकडे पाहिलं तर डीलरचं वजन वेगळंच दिसतं. लुइजी किनेत्ती हा ल मान्सची शर्यत तीनदा जिंकलेला माणूस, अमेरिकेत फेरारीचा आयातदार. 275 जीटीबी/4 ही बंद छपराची गाडी. त्याला अमेरिकी गिऱ्हाइकांसाठी उघड्या छपराची हवी होती. त्यानं आग्रह धरला आणि फेरारीच्या गाड्यांचं अंग घडवणाऱ्या स्कालिएत्तीच्या कार्यशाळेत तशा 10 गाड्या बनल्या. त्यांना त्याच्या संघाच्या नावानं नार्ट स्पायडर म्हणतात. पहिली गाडी 1967 साली सेब्रिंगच्या 12 तासांच्या शर्यतीत डेनिस मॅक्लगेज आणि पिंकी रोलो या दोघींनी पळवली. 2013 साली यांतली एक माँटेरेच्या लिलावात 2 कोटी 75 लाख डॉलरना गेली. याच्या शेजारी फेरारीचीच डेटोना ही गाडी ठेवा. कारखान्यानं उघड्या डेटोना सुमारे 120 बनवल्या, बंद हजाराहून जास्त. पुढे लोकांनी बंद गाड्यांची छपरं कापायला सुरुवात केली, काहींनी फार सफाईनं. तरी कापलेल्या डेटोनाला कारखान्यातल्या उघड्या डेटोनाची किंमत कधी येत नाही. मला हे रास्त वाटतं. नार्ट स्पायडर जन्मतःच उघडी होती, विक्रेत्याच्या हट्टामुळे का होईना. कापलेली डेटोना एक आयुष्य बंद छपराखाली जगून मग उघडी झाली. किल्लीची कसोटी इथे चोख लागू पडते.

आजच्या डीलरांचं बोलायचं तर ड्रिल गेलं, कॉम्प्युटर आला. शोरूममध्येच इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवून देतात, रंगावर पारदर्शक फिल्म चढवतात. शेल्बीच्या नावाचे बदल अजूनही होतात आणि तशा गाड्यांना स्वतंत्र सीएसएम नंबर मिळतो. फिल्म सोलता येते, पण इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये किती वेळा फेरबदल झाले याची नोंद बऱ्याच गाड्यांत राहते. रॉयलचं गास्केट कचऱ्यात गेलं, ही नोंद जाणार नाही. चाळीस वर्षांनी कुणी तो कॉम्प्युटर चालू करू शकलं, तर.

माझी कसोटी एका ठिकाणी मात्र अडखळते. समजा 1969ची कॉर्व्हेट घेतली, तिसऱ्याच महिन्यात मालकानं इंजिन फोडलं, आणि डीलरनं वॉरंटीत दुसरा ब्लॉक बसवला. शेव्हरोलेच्या अशा बदली इंजिनांवर मूळ आकड्यांऐवजी सीई या अक्षरांनी सुरू होणारा नंबर असतो. किल्ली तर कधीच दिली गेली होती, तेव्हा माझ्या हिशेबानं हा ब्लॉक बाहेरचा. पण तो कंपनीनंच पाठवला, कंपनीच्याच खर्चानं बसला, त्याच डीलरच्या माणसानं बसवला, आणि मूळ इंजिन तीन महिने चाललं तर हा पन्नास वर्षं. बाजारात अशा गाडीला कमी भाव, म्हणून ती सीई अक्षरं घासून तिथे जन्माचा आकडा ठोकायचा मोह अनेकांना होतो, आणि होऊन गेलेलाही आहे. अशा दोन गाड्या समोर आल्या, एकीवर कोरून आणलेला जुळणारा नंबर आणि दुसरीवर सीई, सोबत डीलरचा चुरगळलेला वॉरंटीचा कागद, तर मी दुसरी घेईन. सीई दाखवून किमतीत घासाघीस मात्र करीनच.